मोटरखान्याची कुळकथा

ऑस्ट्रेलियांतील हौशी मोटार-मंडळांत एक खेळ पुष्कळ वर्षांपासून चालत आला आहे. त्याचें नांव ‘मोटरखाना’. हें नांव प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसाचा थोडा घोटाळा झाल्यावांचून राहत नाहीं. आपल्याकडे संस्थानी अमदानींत मोटारखाना म्हणजे राजेसाहेबांच्या मोटारी ठेवण्याची जागा. पागा आणि हत्तीखाना यांच्या रांगेंत, काळ बदलला तशी, तीहि एक येऊन बसली. कोल्हापुरास राजाराममहाराजांची मायबाख गाडी दसऱ्याच्या मिरवणुकींत निघते. ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांना असल्या मोटारखान्याच्या थाटाची कल्पना सहज करतां येईल. ऑस्ट्रेलियांतील मोटरखान्यांत मात्र राजाहि नाहीं आणि इमारतहि नाहीं. एखादें मोकळें मैदान, त्यावर उभ्या केलेल्या काठ्या किंवा शंकू, सेकंद मोजणारें घड्याळ हातांत घेतलेला एक गृहस्थ, आणि आठवडाभर कचेरींत व बाजारांत नेलेल्या घरच्याच गाड्या घेऊन आलेलीं कांहीं कुटुंबें, एवढाच त्याचा संभार.

असें असूनहि या दोन्ही शब्दांतील ‘खाना’ एकच आहे, आणि तो त्या दूरच्या खंडास आपल्या जुन्या मुंबई इलाख्यांतूनच गेलेला दिसतो.

फारसींत खाना म्हणजे घर. शिवकालीन अठरा कारखान्यांपासून हा प्रत्यय आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. तोफखाना, नगारखाना, जामदारखाना हे शब्द मराठी माणसाला परके वाटत नाहींत; पहिलवानांच्या घराला तर आपण तालीमखाना म्हणतच होतों. इंग्रजांनीं या तालीमखान्याचें नांव घेतलें नाहीं, स्वतःचें एक निराळेंच घडविलें. यूल आणि बर्नेल यांनीं आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ नामक प्रसिद्ध कोशांत (१८८६) या ‘जिमखाना’ शब्दाची चौकशी केली आहे. त्यांच्या मतें हा शब्द कृत्रिम असून तो मुंबई इलाख्यांत बनविला गेला असावा, आणि रॅकेट खेळण्याच्या जागेस हिंदुस्थानी नोकरचाकर ‘गेंदखाना’ म्हणत त्यावरून तो सुचला असावा. त्यांना सांपडलेला सर्वांत जुना दाखला मात्र १८६१ सालचा, रुडकीचा आहे. डोकें ग्रीक, धड फारसी आणि पाळणा बहुधा मुंबईकडचा, असें हें बाळ आहे.

बाळ घरचें असलें तरी घरच्या लोकांस त्याच्याशीं खेळूं दिलें गेलें नाहीं. १८७५ सालीं निघालेल्या मुंबई जिमखान्याचें दार युरोपियनांपुरतेंच उघडें होतें. तेव्हां पारशांनीं १८८५ सालीं आपला निराळा जिमखाना काढला, हिंदूंनीं १८९४ सालीं काढला, आणि १९०६ सालीं पुण्यास डेक्कन जिमखाना उभा राहिला. या शेवटच्या संस्थेविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१९ सालीं तिच्या शर्यतींस सर दोराबजी टाटा हजर होते. तेथें अनवाणी धांवणारे तरुण पाहून त्यांच्या मनांत जें आलें त्याचें फळ म्हणजे पुढील वर्षीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस गेलेला हिंदी संघ. दार उघडें असलें म्हणजे एखादा शब्द कोठवर जाऊं शकतो हें त्यावरून कळतें. पुढें तर प्रत्येक शाळा-कॉलेजांत जिमखाना झाला आणि जिमखान्याची फी देतांना कोणासहि त्याच्या जन्माची आठवण राहिली नाहीं.

इकडे इंग्रजी भाषेंत त्या शब्दाचा अर्थ सरकत गेला. जागेचें नांव मागें पडून खेळांच्या दिवसाला जिमखाना म्हणूं लागले. घोड्यावर बसून चमच्यांत अंडें सांवरीत जावयाचें, रोंवलेल्या काठ्यांमधून नागमोडी घोडा काढावयाचा, असे ते खेळ. त्यांत शर्यतीच्या उंची घोड्याचें कांहीं काम नसे. लगाम ऐकणारें साधें तट्टू असलें तरी चाले. मोटार निघाल्यावर लंडनजवळच्या रॅनेला क्लबांत १९०० च्या सुमारास हेच खेळ मोटारींनीं करून पाहण्यांत आले. नंतर ऑस्ट्रेलियन मंडळांनीं ‘जिम’ काढून टाकला, त्या जागीं ‘मोटर’ बसविला, आणि खाना तेवढा ठेवला. जपानांत तर मूळचाच शब्द ‘जिमुकाना’ या उच्चारानें रुळला आहे.

आमच्या देशांत मोटारीचें वळण निराळें पडलें. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी झाली; १९१९ सालीं मुंबईस वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली; पुढें मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळावर वेगाच्या शर्यती भरूं लागल्या. ज्याच्या दारीं मोटार तो श्रीमंत, अशी स्थिति असतां लांब पल्ला आणि मोठा वेग यांचेंच कौतुक व्हावें हें साहजिक होतें. लहानशा मैदानांत, पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे न जातां, काठीला धक्का लागला म्हणून पांच सेकंदांचा दंड सोसणें यांत कसलें आलें आहे वैभव!

परंतु आमच्या मतें या खेळाचें खरें सत्त्व त्या गरिबींतच आहे, आणि तें दिसतें तो ओल्या मैदानावर भरतो तेव्हां. अशा मैदानास स्किडपॅन म्हणतात. मुद्दाम गुळगुळीत केलेल्या जमिनीवर पाणी सोडून ती निसरडी करावयाची, एवढीच त्यांतील कल्पना. मोटारींच्या कसोटीसाठीं कांहीं ठिकाणीं बसाल्टच्या लाद्या बसवितात. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पत्थर. घासून त्यावर पाणी सोडलें कीं तो जवळजवळ बर्फासारखा होतो. टायरची पकड ही एकच थैली आहे. ब्रेक तिच्यांतून जितकें खर्च करील तितकें वळण्यास कमी उरतें. ताशीं ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारें १८ मीटर पुरतात. पकड निम्मी झाली कीं तेच अंतर ३६ मीटर होतें. ही त्रैराशिकें कागदावर कोणासहि कळतील, परंतु पायाला कळावयास पाणी लागतें. गाडीची मागची बाजू सुटली तर ती ज्या बाजूस जात असेल त्याच बाजूस चाक वळवावें, पुढची चाकें सुटलीं तर चाक अधिक न पिळतां पाय हळूच उचलावा, ही युक्ति सांगतांना दहा शब्दांची आहे. ओल्या मैदानावर पहिल्या खेपेस मनुष्य नेमकें उलटें करतो, गाडी गरकन् फिरते, काठी आडवी होते, बाजूला उभीं असलेलीं मुलें हसतात, आणि पांच सेकंदांच्या दंडावर प्रकरण मिटतें. तिसऱ्या-चौथ्या खेपेस हात आपोआप योग्य बाजूस जाऊं लागतो.

हें केवळ हौसेचें प्रकरण नाहीं, असें लंडनच्या बसकंपनीस फार पूर्वीं वाटलें. चिझिक येथें १९२१ सालीं निघालेल्या तिच्या कारखान्यांत ड्रायव्हरांच्या शिक्षणासाठीं घसरण्याची जागा होती, आणि तेथें अजस्र दुमजली बस मुद्दाम घसरवून सांवरावयास शिकवीत.

आतां आमच्या कोंकणाकडे पाहूं. मालवणच्या तांडेलाला घसरणें म्हणजे काय हें समजावून द्यावें लागत नाहीं. होडी ही जातीनेंच घसरणारी वस्तु. सुकाणूं फिरविलें तरी ती थोडी आडवी सरकून मगच वळते. म्हणून खडकांमधून बंदरांत शिरतांना वळण येण्याआधींच तो सुकाणूं फिरवितो, आणि होडी वळूं लागतांच तें सोडूनहि देतो. शेतकऱ्याचेंहि तसेंच. भातलावणीच्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे चिखल-नांगरणीच्या शर्यती होतात. गुडघाभर चिखलांत शेतकरी जोत धरून बैलांमागें धांवतो, निशाणाला वळसा घालून परत येतो, आणि निकाल सेकंदांवर लागतो. कोठें कोठें गांवठी आणि घाटी बैलांचे गटहि वेगळे असतात. वळशाशीं आंतला बैल रोखून बाहेरचा सोडावयाचा, हीच सारी कला. यांत आणि मोटरखान्यांत फरक आहे तो फक्त बैलांचा.

मोटार मात्र या प्रांतांत शिकण्याची सवड न देतां आली. बोटीनें वेंगुर्ल्यास उतरावें आणि सावंतवाडी, आंबोली या वाटेनें बेळगांव गांठावें, हा एके काळीं प्रवासाचा क्रम होता. १९४८ नंतर एस्‌. टी. आली, आणि ओल्या घाटांतून गाडी काढण्याची विद्या तिच्या जुन्या ड्रायव्हरांच्या हातांत कित्येक वर्षें राहिली; क्लीनर म्हणून शेजारीं बसलेला पोरगा ती पाहून पाहून शिके. त्यानंतर खारेपाटणपासून पत्रादेवीपर्यंत चौपदरी रस्ता झाला, घरोघर मोटार आली, आणि गणपतीस मुंबईहून येणारा कारकून स्वतःची गाडी स्वतः हांकूं लागला. ही आम्ही आनंदाचीच गोष्ट समजतों. परंतु त्याच्या शेजारीं तो जुना ड्रायव्हर नाहीं. नव्या गाड्यांत ब्रेक दाबतांना चाक अडकून पडूं नये अशी योजना असते, आणि २०१९ पासून आपल्याकडे ती सक्तीची झाली आहे. तिच्यामुळें ब्रेक लागलेला असतांहि गाडी वळवितां येते. पण नसलेली पकड तिला आणतां येत नाहीं.

पहिल्या पावसाचा रस्ता सर्वांत वाईट. उन्हाळाभर सांचलेली धूळ, तेल आणि टायरांचें झिजलेलें रबर यांचा पाण्याशीं लेप होतो, आणि मोठी सर येऊन तो धुवून नेईपर्यंत डांबर साबणासारखें राहतें. कडेला जांभ्याची लाल माती वाहून आली असली तर विचारावयासच नको. ज्या आंबोलींत वर्षाकांठीं सुमारें सातशें सेंटिमीटर पाऊस पडतो तिच्या वळणांवर दरवर्षीं हा लेप नव्यानें चढतो.

मोटार हांकण्याचा परवाना देतांना काय काय पाहावें याची यादी १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांत दिली आहे. आरसा नीट लावणें, चढावर गाडी सुरू करणें, मागें घेणें, इशारे देणें, अचानक थांबविणें हें सर्व तींत आहे. घसरलेली गाडी सांवरणें तेवढें नाहीं. कसोटीच्या मैदानावर कोणी पाणीहि सोडीत नाहीं. मग मृगाच्या सुमारास आंबोलीच्या वळणावर पहिली सर येते, आणि जें शिकावयाचें तें मनुष्य तेथें, मागें घरचीं माणसें बसलेलीं असतांना, शिकतो.