ठिपक्यांतला आकडा

वैमानिक व्हायचं तर रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखावा लागतो. रंगदृष्टी तपासायची सक्ती मुळात रेल्वेतून आली. 1875 साली स्वीडनमध्ये लागेरलुंडाजवळ दोन गाड्या धडकल्या. दोष रंगांधळेपणाचा, असा होल्मग्रेन यांचा तर्क, पुरावा कच्चाच. तरी त्यांची लोकरीच्या लडींची चाचणी रुजली. ठिपक्यांच्या पाट्या जपानच्या इशिहारांच्या, 1917च्या.

पण आकडा चुकला म्हणजे विमान चालवता येत नाही? 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायाधिकरणाने हेच तपासलं आणि तिथली बंधनं सैल झाली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने रंगांधळेपणामुळे एकाला संकलनाचा प्रवेश नाकारला होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो द्यायला लावला.

सावलीतल्या पोराला मात्र हा दोष अनेकदा भरतीच्या तपासणीतच कळतो. शाळेतच पाटी दाखवली, तर क्लासचे पैसे तरी वाचतील.