खर्जाच्या चार तारा

आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात अनेक वर्षे बास गिटार वाजविणारे एक ज्येष्ठ गृहस्थ गेल्या पावसाळ्यात बोटांच्या दुखण्यामुळे थांबले आणि त्यांची जागा एका महाविद्यालयीन तरुणाने घेतली. पहिल्याच आठवड्यात त्या तरुणाने वाद्यावरील जुन्या तारा उतरविल्या आणि झळझळीत नव्या तारा चढविल्या. रविवारची मिस्सा संपल्यावर ते ज्येष्ठ गृहस्थ कोणाशीही न बोलता घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा एवढेच म्हणाले, "त्याने माझा आवाज काढून टाकला." इकडे तो तरुण गोंधळून आम्हांला विचारीत होता, "तारा बदलल्या एवढंच ना, अंकल?"

"एवढंच" हा शब्द आमच्या मनात रेंगाळत राहिला. तार ही बाजारात मिळणारी वस्तू आहे, ती झिजते, गंजते आणि बदलावी लागते, हे खरे. परंतु कोणती तार निवडावी या प्रश्नामागे जवळजवळ चार शतकांचा इतिहास उभा आहे आणि त्या इतिहासात आमच्या गायनवृंदातील या दोघांसारखीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. तो इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

त्याचा आरंभ एका संन्यस्त व्रतस्थाच्या खोलीत होतो. मिनिम संघाचे फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन (१५८८-१६४८) यांनी १६३६ साली पॅरिस येथे संगीतशास्त्रावरील आपला विशाल ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ताणलेल्या तारेचे नियम मांडले. तार जितकी लांब तितका स्वर खाली. तार जितकी जड तितकाही स्वर खाली. आणि ताण वाढविला की स्वर वर चढतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जोडीच्या तारांहून जाड का असते, याचे उत्तर या नियमांत आहे. आजही बास गिटारीच्या तारा बनविणारा प्रत्येक कारखाना याच नियमांवर चालतो.

मात्र नियम कळला म्हणून अडचण सुटली नाही. त्या काळी तारा तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या असत. खोल स्वरासाठी तात जाड करावी, तर ती इतकी ताठ होई की तिचा स्वर बद्द आणि अस्पष्ट उमटे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर तोडगा निघाला: मधला गाभा बारीक व लवचिक ठेवायचा आणि त्याभोवती धातूची बारीक तार गुंडाळून वजन वाढवायचे. गाभा ताण सोसतो आणि वेढे वजन देतात. खर्जाच्या तारेची ही दोन कामांची विभागणी आजतागायत टिकून आहे. बदलले ते गाभ्याचे आणि वेढ्यांचे स्वरूप. आणि आमच्या कथेतील सारा वाद त्या वेढ्यांभोवतीच फिरतो.

आता आपण एकदम विसाव्या शतकात येऊ. अमेरिकन नृत्यवृंदांत खर्जाचे काम डबल बास हे वाद्य करीत असे. ते माणसाएवढे उंच, मोटारीत न मावणारे आणि पितळी वाद्यांच्या गलबल्यात ऐकू न येणारे. विजेवर चालणारा आटोपशीर पर्याय शोधण्याचा प्रयत्न सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच केला होता. पण ते वाद्य रुजले नाही. ते यश कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांना लाभले. त्यांचे 'प्रिसिजन बास' १९५१ च्या अखेरीस बाजारात आले. वाद्याला पडदे होते, त्यामुळे स्वर अचूक लागे. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच पडले. तारेचा कंपन पावणारा भाग ३४ इंच लांब होता. डबल बासपेक्षा पुष्कळच आखूड आणि साध्या गिटारीपेक्षा लांब. त्या लांबीवर मि, ला, रे, सोल हे चार खोल स्वर लावायचे होते. सर्वांत खालच्या 'मि' स्वराची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात.

इथे तातीचा काळ संपला. विद्युत गिटारीतील चुंबकावर गुंडाळलेले वेटोळे केवळ लोह किंवा निकेलसारख्या धातूचे कंपन टिपते. तातीचे कंपन त्याला जाणवतच नाही. म्हणून गाभा पोलादाचा झाला. परंतु कान मात्र जुनेच होते. श्रोत्यांना आणि वादकांनाही हवा होता तो डबल बासचा गोल, दबका, चटकन विरणारा नाद. म्हणून गाभ्याभोवती गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा वापरात आल्या. इंग्रजीत त्यांना 'फ्लॅटवाउंड' म्हणतात. त्यांवरून बोट फिरविले तर काचेवरून फिरविल्यासारखे वाटते. घर्षणाचा किरकिराट होत नाही आणि स्वरातील टोकदार भाग दबून राहतो. फेंडर यांनी वाद्यावरील धातूच्या झाकणाखाली तारा दाबणारा मऊ तुकडाही बसविला होता, म्हणजे नाद आणखी लवकर विरावा. नवे वाद्य जुन्या वाद्याचे अनुकरण करण्यात धन्यता मानीत होते. मंक मॉन्टगोमेरी यांनी लायोनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वृंदात ते वाजविले आणि १९५३ च्या दौऱ्यात युरोपलाही ऐकविले.

या चपट्या तारांचा खरा महिमा डेट्रॉइट शहरात प्रकट झाला. तेथील मोटाउन ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्टुडिओ एका साध्या घरात होता. तेथे जेम्स जेमरसन हे कृष्णवर्णीय वादक खर्ज सांभाळीत. ते मुळात डबल बासचे वादक. १९६२ च्या बनावटीच्या आपल्या प्रिसिजन बासवर त्यांनी ला बेला कंपनीच्या जाड, चपट्या तारा चढविल्या होत्या आणि तुटल्याखेरीज ते त्या कधीही बदलीत नसत. तारांवर साचलेल्या मळातच नादाचे मर्म आहे, अशी त्यांची धारणा होती. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते वाजवीत. मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर, सुप्रीम्स अशा गायकांच्या १९६० च्या दशकातील असंख्य लोकप्रिय गीतांखाली जो उबदार, चालता-बोलता खर्ज ऐकू येतो, तो त्यांचा. परंतु मुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची तेथे रीतच नव्हती. जेमरसन यांचे नाव प्रथम १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या एका संग्रहावर आले. तोपर्यंत लोक त्यांचे वादन ओळखत होते, त्यांना नव्हे.

याच सुमारास लंडनमध्ये एक वेगळाच तरुण तारांच्या दुकानांतून वणवण फिरत होता. 'द हू' या वृंदाचा बासवादक जॉन एंटविसल याला दबका नाद नको होता. त्याच्या वृंदातील गिटार व ढोल इतक्या मोठ्याने वाजत, की चपट्या तारांचा आवाज त्यांत बुडून जाई. १९६५ साली एका गीतात त्याला बासवर एकल वादन करायचे होते. डॅनइलेक्ट्रो या वाद्याच्या बारीक, तेजस्वी तारांवर तो लुब्ध झाला होता. पण त्या तुटत आणि सुट्या मिळत नसत. म्हणून केवळ तारांसाठी तो नवनवी वाद्ये विकत घेत राहिला. पुढे १९६६ साली तो इंग्लंडमधील रोटोसाउंड कंपनीचे संस्थापक जेम्स हाउ यांच्याकडे गेला. जाड तारा नीट कंप पावत नाहीत, ही त्याची तक्रार होती. तारा करून पाहायच्या, वाजवायच्या, नाकारायच्या, पुन्हा करायच्या, असा क्रम चालला आणि त्यातून गोल तार गुंडाळलेल्या, 'राउंडवाउंड' म्हणविणाऱ्या बासच्या तारा सिद्ध झाल्या. त्यांचा नाद पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणीत होता. पाठीमागे उभा असलेला बासवादक प्रथमच पुढच्या रांगेत ऐकू येऊ लागला.

या तारांनी आणखी एक कलावंत घडविला. फ्लोरिडातील जाको पास्टोरियस (१९५१-१९८७) लहानपणी कॅथलिक शाळेत शिकलेला आणि चर्चमध्ये वेदीसेवा केलेला मुलगा. त्याने आपल्या बासवरील पडदेच काढून टाकले. गोल वेढ्यांच्या तारा कानशीसारख्या लाकूड खातात, म्हणून पट्टीवर नावांना लावतात तसल्या कठीण राळेचा लेप दिला. पडदे नसल्यामुळे मींड आली, गोल तारांमुळे तेज आले, आणि १९७६ सालच्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून बास गिटार गाऊ लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु एकाचा उदय हा पुष्कळदा दुसऱ्याचा अस्त असतो. १९७२ साली मोटाउन कंपनी लॉस एंजेलिसला गेली. नव्या निर्मात्यांना नवा, झळाळता नाद हवा होता. जेमरसन आपल्या जुन्या तारा सोडावयास तयार नव्हते. मद्याचे व्यसन होतेच. कामे कमी कमी होत गेली. १९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनचा रौप्यमहोत्सवी सोहळा झाला, तेव्हा त्यांना निमंत्रणही नव्हते. तिकीट विकत घेऊन ते मागच्या सज्जात बसले. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस त्यांची ती बास चोरीस गेली, आणि त्याच वर्षी २ ऑगस्ट रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्यांचा सन्मान केला तो २००० साली. हा प्रसंग वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मिस्सानंतर मुकाट्याने घरी जाणारे ते गृहस्थ उभे राहिले, हे सांगणे नकोच.

आपल्याकडे ही गिटार दोन वाटांनी आली. एक वाट मुंबईच्या चित्रपटसंगीताची. तेथील वाद्यवृंदांत गोव्याच्या कॅथलिक वादकांचा मोठा भरणा होता; राहुल देव बर्मन यांच्या वृंदातील बासवादक टोनी वाझ हे त्या परंपरेतले. दुसरी वाट चर्चची. पोप पायस दहावे यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो व गोंगाटी वाद्ये वाजविण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र उपासनेस शोभतील अशी अन्य वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाव दिला. 'शोभतील' ही अट तारांची निवड करतानाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम काम पाहावे. गाणाऱ्यांना आधार द्यायचा असेल, प्रतिध्वनी उठणाऱ्या उंच छताच्या वास्तूत वाजवायचे असेल, तर चपट्या तारा बऱ्या. त्यांचा नाद शब्दांवर चढत नाही. लग्नसमारंभात, मोकळ्या मांडवात, ढोलांच्या कडकडाटात वाजवायचे असेल, तर गोल तारा हव्यात. दोहोंच्या मधला मार्गही आहे: गोल वेढे वरून घासून अर्धवट सपाट केलेल्या तारा. पोलादी गाभ्यावर नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या काळ्या तारा डबल बासच्या नादाच्या जवळ जातात. धातूचाही फरक पडतो: स्टेनलेस स्टीलचा नाद तिखट, निकेलचा सौम्य. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ४५ पासून १०५ पर्यंतचा संच सर्वसाधारण मानला जातो. जाड तारेस ताण अधिक लागतो आणि चारही तारा मिळून गिटारीच्या मानेवर दीडशे पौंडांहून अधिक ओढ असते. म्हणून तारांचा प्रकार बदलला की मानेतील सळईचा ताण जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. आमच्यासारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत गोल तारांच्या खाचांत घाम व मळ साचून त्यांचे तेज काही आठवड्यांत मावळते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय हाच त्यावर स्वस्त उपाय. चपट्या तारा मात्र वर्षानुवर्षे चालतात. कित्येक वादकांच्या मते तर मुरल्यावरच त्या बोलू लागतात.

हे सारे आम्ही त्या तरुणाला सांगितले. जेमरसन यांच्याविषयी ऐकताना तो गप्प झाला. काही वेळाने म्हणाला, "जुन्या तारा मी टाकल्या नाहीत, अंकल. पिशवीत गुंडाळून ठेवल्यात." त्या शनिवारी तो स्वतःच त्या तारा घेऊन ज्येष्ठ गृहस्थांच्या घरी गेला. दोघांनी मिळून त्या पुन्हा चढविल्या. 'ला'ची तार खुंटीपाशी वाकलेली होती, ती चढविताना तुटली. गृहस्थ हळहळले, पण मग त्यांनीच चपट्या तारांचा नवा संच आणावयास सांगितले आणि मान नीट करून दिली.

आता रविवारच्या मिस्सात त्या चपट्या तारा वाजतात. लग्नाच्या मांडवात तो तरुण स्वतःची गिटार नेतो, तिच्यावर गोल तारा आहेत. आणि त्याने तसेच करावे असे आम्हांलाही वाटते, कारण एंटविसलचा हट्टही खोटा नव्हता. नव्या तारा अजून मुरलेल्या नाहीत. ते गृहस्थ आता मधल्या बाकावर बसतात, डोळे मिटून ऐकतात, आणि बाहेर पडताना त्या तरुणाला सांगतात, "बाबा, आणखी वर्षभर थांब. मग बघ."