किशोरवयीनांतील तंबाखू व मद्य यांचे व्यसन

किशोरवयीनांतील तंबाखू व मद्य यांचे व्यसन : साधारणतः १० ते १९ या वयातील मुलामुलींनी तंबाखू कोणत्याही रूपाने ओढणे, चघळणे, हुंगणे वा दातांना चोळणे, तसेच मद्यार्कयुक्त पेये पिणे, आणि त्यापायी त्यांच्या शरीराला, मनाला व पुढील आयुष्याला पोचणारा अपाय, यांचा विचार या नोंदीत केला आहे. किशोराचे व्यसन म्हणजे प्रौढाच्या व्यसनाचीच लहान आवृत्ती, हा समज सर्वत्र रूढ असला, तरी वैद्यकाच्या दृष्टीने तो टिकत नाही. कारण प्रौढाचे व्यसन पूर्ण घडलेल्या शरीराला जडते आणि किशोराचे व्यसन शरीराच्या चालू घडणीतच शिरते. महाराष्ट्रापुरते आणखी एक वैशिष्ट्य असे, की येथे व्यसनाचा प्रवेश धुरापेक्षा तोंडावाटे अधिक होतो; त्यामुळे पाश्चात्त्य देशांत सिगारेट डोळ्यांपुढे ठेवून योजलेले उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

प्रकार व प्रसार : पोर्तुगीजांमार्फत भारतात आलेली तंबाखू पुढील तीन-चार शतकांत विडी, चिलीम, तपकीर, विडा, मिश्री अशा नाना रूपांनी येथील लोकव्यवहारात मुरली. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के, तर तंबाखू खाणाऱ्या, चघळणाऱ्या वा दातांना लावणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के आढळले. म्हणजे घरातील मूल ज्या व्यसनाचे दर्शन रोज घेते, ते बहुधा बिनधुराचे असते. १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची २०१९ साली देशभर जी पाहणी झाली, तीत ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसले, आणि बिनधुराची तंबाखू कधीतरी वापरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाआधीच तोंडात घातलेली होती.

विदर्भात ज्याला खर्रा आणि इतरत्र ज्याला मावा म्हणतात, तो पदार्थ या वयात विशेष खपतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून टपरीवाला ते मिश्रण प्लॅस्टिकच्या पन्नीत घेतो, सुपारीला ओलसर चिकटपणा येईपर्यंत फळीवर घोटतो आणि पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. मग ती खिशात राहते आणि तिच्यातील चिमूट चिमूट दिवसभर गालात जाते. चुना येथे केवळ चवीसाठी नसतो. त्याच्या क्षारतेमुळे निकोटिन मोकळे होऊन तोंडाच्या आतल्या अस्तरातून जलद शोषले जाते, म्हणजेच मादकता वाढविण्याचे कामही तोच करतो. खाऊच्या पैशांत भागणारी पुडी, वास लपविणारा सुगंध आणि धूर नसल्याने वडीलधाऱ्यांची चुकविता येणारी नजर, या तिन्ही सोयी किशोराच्या पथ्यावर पडतात. मिश्रीची गोष्ट निराळी. भाजून काळी केलेली ही तंबाखूची पूड दात घासण्याच्या निमित्ताने आजीच्या डबीतून नातीच्या बोटावर येते. ‘दात दुखतो’ एवढे कारण त्यास पुरते, आणि घरात तिची गणना व्यसनात होतच नसल्याने मुलींतील हा प्रकार विचारणाऱ्यालाही सहसा कळत नाही. सुगंधी सुपारीत तंबाखू नसते म्हणून पालक ती निरुपद्रवी मानतात. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीचाच समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे.

मेंदूवरील परिणाम : मेंदूची घडण वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते, आणि मोह आवरणे, परिणामांचा पुढचा विचार करणे, निर्णय तोलणे ही कामे ज्या अग्रभागाकडे असतात, तो सर्वांत शेवटी परिपक्व होतो. सुखाची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मात्र त्यापूर्वीच जोमात आलेली असते. धूम्रपानातून निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोचते, तेथील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि डोपामिनाचा स्राव वाढविते. हे वारंवार घडल्यावर ग्राहींची संख्या वाढते आणि निकोटिनाच्या अभावी चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रतेचा भंग ही लक्षणे उमटू लागतात. तंबाखू घेतल्यावर अभ्यासात लक्ष लागते, असे जे मुले मनापासून सांगतात, त्याचे रहस्य बहुतांशी येथे आहे : जी अस्वस्थता तंबाखूनेच उत्पन्न केली, तीच ती घटकाभर शमविते. प्रौढाच्या तुलनेने किशोराला ही पराधीनता थोड्या मात्रेत व थोड्या काळात जडते. रोजचे सेवन सुरू होण्यापूर्वीच तिची पहिली चिन्हे दिसू शकतात.

मद्याचा आघात स्मरणशक्तीशी निगडित अशा मेंदूभागावर आणि वर सांगितलेल्या अग्रभागावर विशेषत्वाने होतो. अमेरिकेतील मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंधराव्या वर्षाआधी मद्यपान सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हातरी मद्याच्या पूर्ण आहारी गेल्याचे आढळले. विशीनंतर आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. अशा आकड्यांत घरची परिस्थिती व आनुवंशिक कल यांचाही वाटा असतो, हे लक्षात घेऊनही आरंभाचे वय जितके लवकर तितका धोका अधिक, हा निष्कर्ष पुढील संशोधनात टिकून राहिला आहे.

मुखावरील परिणाम : सुपारी चघळणाऱ्यांत तोंडाच्या अस्तराखालील ऊती कठीण होत जाऊन जबडा उघडेनासा होतो. १९५२ साली केनियातील भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदला गेला आणि १९५३ साली मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतविते आणि तिच्यातील तांबे त्या तंतूंची परस्परांतील बांधणी पक्की करते. परिणामी गालाच्या आतली बाजू पांढुरकी पडते व तेथे बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. पहिली तक्रार बहुधा जेवणाच्या ताटावर होते : आमटी तिखट नसतानाही तोंडाची आग होते. पुढे तोंडाचा आ लहान होत जातो. सामान्यतः स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येतात. जेथे दोनच शिरतात, तेथे तपासणीला विलंब करू नये. कडक झालेले अस्तर पूर्ववत होत नाही. सुपारी कायमची सोडणे, तोंडाचे व्यायाम, औषधांची टोचणी व गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया यांनी विकाराला आवर घालता येतो, एवढेच. केरळातील रुग्णांच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात यांपैकी ७.६ टक्के लोकांना मुखाचा कर्करोग झाला. पूर्वी उतारवयाचा मानला जाणारा हा कर्करोग तिशीतील माणसाला गाठतो, तेव्हा त्याचे बीज बहुधा शाळेच्या वयात पडलेले असते.

श्वसन व इतर संस्था : फुप्फुसांची क्षमता विशीच्या सुमारास कमाल पातळी गाठते; त्यापूर्वीच धूम्रपान सुरू झाल्यास ती वाढ खुंटते आणि माणूस कमी क्षमता घेऊनच प्रौढत्वात पाऊल टाकतो. धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगजनक आहेत. तेंदूच्या पानाची विडी सिगारेटहून सौम्य, ही समजूत निराधार आहे; ती वारंवार विझत असल्याने जोराने व पुनःपुन्हा ओढावी लागते, आणि निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांच्या बाबतीत ती सिगारेटहून कमी घातक ठरत नाही.

मद्याचे तात्कालिक धोके : किशोराच्या हानीचा मोठा भाग यकृताच्या जीर्ण विकारापेक्षा एकाच रात्रीच्या अतिरेकातून उद्भवतो. शरीराचे वजन कमी, सवय नाही आणि मित्रांपुढे मागे न हटण्याची ईर्षा, या तिहींमुळे रक्तातील मद्यार्क झपाट्याने चढतो. बेशुद्धीत ओकारी श्वासनलिकेत जाणे, श्वसन मंदावणे आणि रक्तशर्करा एकाएकी घसरणे यांपैकी कोणत्याही कारणाने मृत्यू ओढवू शकतो. दुचाकीचे अपघात, पाण्यात बुडणे, मारामाऱ्या व आत्मघाताचे प्रयत्न यांतही मद्याचा हात असतो. बेकायदा दारूत मिथेनॉल मिसळलेले असल्यास शरीरात त्यापासून फॉर्मिक अम्ल तयार होऊन दृष्टी व प्राण दोन्ही जातात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तंबाखू व मद्य एकत्र घेणाऱ्यास तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा जो धोका संभवतो, तो दोहोंच्या स्वतंत्र धोक्यांच्या बेरजेहून अधिक असतो.

कायदा व अंमलबजावणी : २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या हद्दीत तिची विक्री करण्यास मनाई आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमान्वये वैद्यकीय कारणाखेरीज बालकास मद्य वा तंबाखू देणाऱ्या इसमास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा व पानमसाला यांवर बंदीचा हुकूम काढला. अशा हुकमाची मुदत एका वर्षाहून अधिक असू शकत नसल्याने त्याचे नूतनीकरण वेळोवेळी करावे लागते. मद्यप्राशनासाठी महाराष्ट्रात सौम्य मद्यास २१ व तीव्र मद्यास २५ वर्षे अशी वयोमर्यादा आहे, तर शेजारच्या गोव्यात ती १८ आहे. २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांस देशभर बंदी केली. परंतु जप्त्या होतात त्या गोदामांतील मालाच्या. टपरीवर हाताने घोटलेल्या खर्ऱ्याला वेष्टन नसते, छाप नसते, इशारा नसतो आणि गिऱ्हाइकाचे वयही कोणी विचारत नाही.

उपचार व प्रतिबंध : किशोराच्या उपचारात समुपदेशन व कुटुंबाचा सहभाग यांवर मुख्य भर असतो, प्रौढांसाठीची व्यसनमुक्तीची औषधे वैद्यकाच्या सल्ल्याखेरीज देऊ नयेत. निकोटिनाच्या अभावाची लक्षणे पहिल्या काही दिवसांत तीव्र असून बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात, ही माहिती आधीच दिल्यास मूल मध्येच धीर सोडत नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ या क्रमांकावर निःशुल्क राष्ट्रीय सेवा उपलब्ध आहे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्तीचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र होय. मारझोड वा शाळेतून नाव काढणे यांनी व्यसन सुटत नाही. उलट ज्या सोबतीत ते लागले, त्याच सोबतीत मुलाला अधिक वेळ मिळतो.

बिनधुराची तंबाखू चाखणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक जण दहाव्या वर्षाआधीच तिच्याकडे वळत असतील, तर नववी-दहावीच्या वर्गात दिलेले व्याख्यान त्यांना उशिरा मिळते. म्हणून व्यसनाची माहिती प्राथमिक शाळेच्या तिसरी-चौथीपासून द्यावी, तीत सिगारेटच्या चित्राआधी सुपारीची पुडी व मिश्रीची डबी यांना स्थान असावे, शालेय आरोग्य तपासणीत वजन-उंचीबरोबर तोंडाचा आही मोजला जावा, आणि ज्या पालकांच्या स्वतःच्या गालात तंबाखूचा बार असतो त्यांनाही या शिक्षणात सामील करून घ्यावे, हे प्रतिबंधाचे येथील परिस्थितीस साजेसे मार्ग ठरतात.