एक यंत्र, एक नाव

१९५६ सालच्या नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडली तेव्हा निपाणीतले एकही घर जागचे हलले नव्हते. तंबाखूच्या वखारी होत्या तेथेच होत्या. बदलला तो पत्ता. कालपर्यंत मुंबई राज्यात असलेले निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्याच बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे बेळगावी. माणसाचे नाव निराळे आणि त्याचा पत्ता निराळा, हे या सीमाभागात कोणास शिकवावे लागत नाही. बिनतारी यंत्रांच्या शास्त्राला मात्र हा धडा गिरविण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

तारायंत्राच्या काळी पलीकडच्या टोकाला कोण आहे, हे तार कोठे जाते यावरून कळे. हवेत ती सोय नाही. एकाने घातलेली साद सर्वांच्याच कानी पडते. म्हणून १९०६ साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नियम केला, की प्रत्येक केंद्राला तीन अक्षरांची, दुसऱ्या कोणाची नसेल अशी खूण असावी. १९१२ साली बुडणाऱ्या टायटॅनिक जहाजाची हाक ‘एमजीवाय’ या तीन अक्षरांनीच ओळखली गेली. पुढे अक्षरांचे गट देशोदेशी वाटण्यात आले. भारताच्या वाट्याचे ‘व्हीटी’ सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या भारतीय नागरी विमानांच्या अंगावर आजही दिसते.

संगणक आले आणि प्रश्न अवघड झाला. एकच संगणक दोन जाळ्यांना जोडलेला असेल तर त्याची नावे किती मानावयाची? पवईच्या आय. आय. टी.चे पदवीधर योगेन दलाल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी झेरॉक्स कंपनीतल्या कामावरून १९८१ साली एक निबंध मांडला. त्यांचे म्हणणे असे, की क्रमांक यंत्राचा असावा, वाटेचा नव्हे. यंत्र कोणत्याही जाळ्यात गेले तरी क्रमांक तोच राहावा. त्यासाठी शून्य आणि एक यांच्या ४८ स्थानांची संख्या घेतली गेली. तिच्यात सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक मावतात. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने पहिली २४ स्थाने उत्पादकास नेमून द्यावीत आणि उरलेली उत्पादकाने भरावीत, अशी वहिवाट पडली. विचार थोर होता. व्यवहाराने तो अर्धाच उचलला. क्रमांक यंत्राला न चिकटता जोडणीच्या पट्टीला चिकटला. दोन पट्ट्या असलेल्या यंत्राला दोन नावे पडली.

मोबाइल फोनने हा गुंता अधिक शहाणपणाने सोडविला. देशात ही सेवा १९९५ साली सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन निराळी मंडळे करण्यात आली. लहरींना मात्र राज्याची सीमा ठाऊक नसते. कोगनोळीच्या आसपास फोन कधी अलीकडचा टॉवर धरी, कधी पलीकडचा. त्या काळी परमंडळात आलेला फोन घेण्यासही आकार पडे. घरच्या ओसरीवर बसल्या बसल्या माणूस परगावी गेल्याचा दाखला बिलातून मिळत असे. तरीही सिम कार्डातला मूळ क्रमांक बदलत नव्हता. यजमान मंडळ तात्पुरता क्रमांक देई आणि घरच्या नोंदवहीला वर्दी पाठवी. ख्रिस्ती लोकांत माणसाचा बाप्तिस्मा एकदाच होतो. त्याचे लग्न दूरच्या चर्चमध्ये लागले तरी वर्दी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीकडे येते. रीत तीच.

आता घरोघरीच्या वायफायकडे वळावे. त्याच्या सातव्या पिढीच्या उपकरणांना २०२४ च्या जानेवारीपासून प्रमाणपत्रे मिळू लागली. तिच्यातले यंत्र एकाच वेळी दोन किंवा तीन लहरपट्ट्यांवरून बोलू शकते. प्रत्येक पट्ट्यावर त्याला निराळे नाव दिले, तर एका वाटेने निघालेला आणि वाटेत हरवलेला मजकूर दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठविताना तो दुसऱ्याच कोणाचा ठरेल. मजकुराचा अनुक्रम मोडेल. गुप्ततेची किल्लीही जुळणार नाही. म्हणून प्रत्येक वाटेचे जुने नाव कायम ठेवून त्यांच्यावर यंत्राचे एकच नाव बसविण्यात आले. जोडणी होताना मुख्य केंद्र त्याला एक छोटा हजेरी क्रमांक देते आणि तोच सर्व वाटांवर चालतो. दलाल आणि प्रिंटिस यांचा मुद्दा असा चाळीस वर्षांनी, निराळ्या वेषात, परत आला.

कायमच्या नावाला एक काळी बाजूही आहे. ज्याचे नाव कधीच बदलत नाही, त्याचा माग काढणे सोपे जाते. बाजारपेठेतून, बसस्थानकावरून जाणारा फोन आसपासच्या वायफाय केंद्रांना हाका घालीत असतो. त्या हाकांतला क्रमांक टिपून माणसाच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवता येतो. म्हणून अलीकडचे फोन अनोळखी ठिकाणी खोटा, तात्पुरता क्रमांक सांगतात, आणि वायफायच्या प्रत्येक जाळ्यात निराळा. खरा क्रमांक पोटात तसाच राहतो. निपाणीच्या स्थानकावर बेळगावीकडची आणि कोल्हापूरकडची गाडी शेजारी शेजारी उभी असते. तेथे वाट पाहणाऱ्या माणसाच्या खिशातला फोन एका जाळ्याला एक नाव सांगतो, दुसऱ्याला दुसरे. आणि सिम कार्डाच्या घरच्या नोंदवहीत त्याची नोंद पूर्वीच्याच क्रमांकावर होते.