तळटीप ४ : कालवाचक उपवाक्याची जागा

४. ‘द मॅनेजर सेड आफ्टर द ऑडिट वॉज ओव्हर ही वुड रिझाइन’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. मधले कालवाचक उपवाक्य मागच्या ‘सेड’लाही लागू पडते आणि पुढच्या ‘रिझाइन’लाही. त्यामुळे मॅनेजर ऑडिट संपल्यावर बोलले, की ऑडिट संपल्यावर राजीनामा देणार असे आधीच बोलून बसले, याचा पत्ता लागत नाही. उपवाक्य वाक्यारंभी नेऊन पुढे स्वल्पविराम दिला, की ते बोलण्याची वेळ सांगते. वाक्याच्या शेवटी ठेवले, तर सहसा राजीनाम्याची. जागा हलवायची नसेल, तर ‘सेड’पाठोपाठ ‘दॅट’ घालावे. मग उपवाक्य राजीनाम्याशीच बांधले जाते. ‘दॅट’ उपवाक्यानंतर, ‘ही’च्या आधी घातले, तर अर्थ उलटतो.