घाटावरची भाकर

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात घट आखतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळं ठेवतात, त्यावर पाण्याची घागर, आणि भोवती गोलाकार अठरा धान्यं मांडतात. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घटात काय हललं, काय विखुरलं ते पाहून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी मानतात. भाकिताच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. मी हायस्कूलात इतिहास शिकवला, त्यामुळे माझी नजर त्या धान्यांवर जाते. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, अंबाडी, भादली. बुलढाणा जिल्हा कधीकाळी काय पेरत होता आणि काय खात होता, याचा हा दरवर्षी नव्यानं मांडला जाणारा दस्तऐवज आहे.

त्याच्याकडे मी इतक्या आस्थेनं पाहू लागलो ते माझ्या आजारामुळे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि पोट स्थिरावल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद हातात दिला. अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं, पालेभाज्या रोज. मैदा, साखर आणि पाकिटातलं खाणं कमी. लाल मांस कमी. दारू नको, तंबाखू नको. वजन आटोक्यात ठेवा आणि रोज चाला. कागद वाचताना मला चिखली तालुक्यातलं आजीचं घर आठवत गेलं. दवाखान्यानं लिहून दिलेली पथ्यं त्या घरात रोजची रीत होती. मग ती आमच्या घरातून गेली कधी, आणि कशामुळे?

इथं ज्वारीपासूनच सुरुवात करावी लागते. १८५३ साली निजामानं आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मलकापूर, नांदुरा, शेगाववरून रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा खास कापसासाठी सुरू झाला. कपाशीनं एवढा पैसा आणला, तरी ज्वारी हटली नाही. १९०८ च्या इम्पिरियल गॅझेटियरमध्येही वऱ्हाडातल्या लोकांचं मुख्य अन्न ज्वारीच आहे. कारण सरळ होतं. माणसाला दाणा हवा तसा बैलाला कडबा हवा. बैलाशिवाय कपाशीची पाळी होत नव्हती आणि ज्वारीशिवाय बैल जगत नव्हता. शेतात कपाशीनंतर ज्वारी, ज्वारीनंतर कपाशी असा पालट चालायचा, मधल्या तासांत तूर, मूग, उडीद. घाटाखाली पूर्णेच्या काठची काळी जमीन असो की घाटावरची आमची हलकी-मध्यम, ताटात भाकर, डाळ आणि रानातली भाजी ठरलेली.

आमच्या गावात पांढरीच्या मातीत पेवं होती. वर अरुंद तोंड, आत प्रशस्त पोट, तळाला आणि कडेला कडबा लावलेला. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. वाफ जाऊ द्यायची, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस उतरायचा. वर आलेल्या ज्वारीला एक कुबट, उबदार वास असायचा. ती जात्यावर दळायची, भरडली की कण्या व्हायच्या. आजी कण्या ताकात शिजवायची, वर कच्चा कांदा. "कण्या पोटाला धरतात बाबू," म्हणायची. भाकरीसोबत झुणका नाहीतर आंबट अंबाडीची भाजी, कोरडी जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा. शेगावला गजानन महाराजांना आजही याच पिठलं-भाकरीचा आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य दाखवतात. महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले. त्या काळच्या गरिबाघरचं जेवण देवळानं नैवेद्याच्या ताटात जपून ठेवलं आहे.

घरातलं ताट मात्र बदलत गेलं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी विसरता येत नाही. परदेशातून आलेल्या त्या मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती, पण तिनं जीव वाचवले. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ नियमित मिळू लागले. दुष्काळाआधी, १९६४ सालीच, सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं होतं आणि त्यामागून इतर आली. उतारा वाढला, कोठार भरलं, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडायची आणि भाकरीला चव राहायची नाही. 'हायब्रीड' शब्द आमच्याकडे नाक मुरडूनच उच्चारला जायचा. गव्हाची पोळी तोवर सणावाराची आणि पाहुण्यासाठीची होती. ती रोजची झाली, तेव्हा घराची प्रगती झाली असंच सगळ्यांना वाटलं. भुकेचे दिवस पाहिलेल्या माणसांना त्यात दोष देता येणार नाही.

शेवटचा धक्का सोयाबीनचा. गेल्या चार दशकांत चिखली, मेहकर, लोणार भागात ते इतकं पसरलं की ज्वारीचं शेत शोधावं लागतं. शंभर-एकशेदहा दिवसांत रोकड हातात, काढणी थ्रेशरवर. ज्वारीला सोंगणी, खुडणी, कडबा बांधणं, वर पाखरं आणि रानडुकरं. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, कडब्याची गरज संपली आणि ज्वारीचा शेतातला आधारच सुटला. तिच्यासोबत मधल्या तासांतले मूग-उडीद गेले, बांधावरची अंबाडी गेली, जवस-करडी गेली.

भाकरीच्या प्रेमापोटी गव्हावर अन्याय करायचा नाही. पोषणाच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू (फायबर) आहेत आणि कोंड्यासकट दळलेल्या कणकेत ११ च्या आसपास. मैद्यात आणि सडीक तांदळात मात्र जेमतेम पावणेतीन ग्रॅम. म्हणजे घात पोळीनं केला नाही. सकाळच्या चहाबरोबरचं बिस्कीट, टोस्ट, दुपारचा नुसता भात, शाळेच्या फाटकावरचे कुरकुरे, आणि भाकरीबरोबर ताटातून उठून गेलेल्या डाळी व पालेभाज्या यांनी केला.

आतड्याचा आणि तंतूंचा संबंध जगापुढे ठळकपणे मांडला तो डेनिस बर्किट या आयरिश सर्जननं. युगांडात काम करताना त्याला दिसलं की भरडधान्यं आणि कंद खाणाऱ्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर फार क्वचित आढळतो. १९७१ मध्ये त्यानं ते लिहून प्रसिद्ध केलं. त्याच्या सगळ्याच गोष्टी पुढे तशाच टिकल्या नाहीत, पण अख्ख्या धान्यांनी आणि तंतूंनी या कॅन्सरचा धोका कमी होतो, ही गोष्ट नंतरच्या मोठ्या अभ्यासांत भक्कम होत गेली. प्रक्रिया केलेलं मांस, दारू आणि तंबाखू ही कॅन्सरची कारणं आहेत, हेही आज निश्चित आहे.

चालण्याचं तर तंतूंहूनही ठोस आहे. आठवडी बाजार पायी, शेत पायी, लेकीचं सासर पायी, अशी आमची आधीची पिढी. शेगावची पालखी आजही महिन्याहून अधिक दिवस चालून पंढरपूर गाठते आणि परतीला खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्याबरोबर पायी निघतात. त्या चालण्याला २०२५ मध्ये वैद्यकाचा पुरावाही मिळाला. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ८८९ रुग्णांवर चाचणी झाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्यांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनंतर आजार न उलटता हयात असलेले लोक व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ आणि ८३.२ टक्के. त्यासाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणं पुरेसं होतं.

म्हणून पहाटे मी मेहकर रस्त्यानं निघतो. आमच्या भागातले ऑपरेशन झालेले आणखी काहीजण सोबत असतात. त्यांतल्या एका ताईंच्या पोटाला शौचासाठीची कायमची पिशवी आहे. सुरुवातीला त्या घराबाहेर पडायला लाजायच्या, आता चालण्यात सर्वांच्या पुढे असतात. घरी परत ज्वारी येते. सौ. आधणाचं पाणी पिठात घालते, गरम असतानाच मळते, परातीत थापते, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, गरम पाण्यावाचून भाकर थापताना तडकते. आमची सूनबाई आता तिच्याकडून ते शिकते आहे.

जुनं सगळं चांगलं होतं असं माझं म्हणणं नाही. त्या काळात दुष्काळात माणसं मेली, बायांची जात्यावर कंबर मोडली, आणि दाढेत तंबाखूचा बार तेव्हाही होता. आजीच्या काळी मला हा आजार झाला असता तर भाकरीनं मी वाचलो नसतो. मला वाचवलं ऑपरेशननं आणि औषधांनी. भाकर आणि चालणं यांचं काम त्यानंतरचं आहे.

तेव्हा बुलढाण्याच्या माझ्या माणसांना एवढंच सांगणं. शौचातून रक्त पडलं, पोटाची रोजची सवय अचानक बदलली, कारण नसताना वजन घटलं, तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका, तपासून घ्या. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तंतूंचं खाणं डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवा. उपचार संपले की घरात बसून राहू नका, चालायला लागा. आणि ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी यंदा सोयाबीनच्या कडेला घरच्यापुरती दोन तासं ज्वारीची आणि चार ओळी अंबाडीच्या पेरा.