साखरेचे दागिने आणि त्यांचे सांचे

वाढदिवसाच्या निमित्तानें शहरांतील घराघरांत हल्लीं केक भाजला जातो, आणि तो नुसता वाटोळा असून भागत नाहीं. फुलाचा, माशाचा, किल्ल्याचा आकार त्याला हवा असतो. त्यासाठीं नक्षीदार भांडीं बाजारांत मिळतात. भांडें आणलें कीं काम संपलें, असें समजणाऱ्या गृहिणीला पहिल्याच दिवशीं कळून चुकतें कीं, आकार देणें सोपें, आकार सोडवून घेणें कठीण. भांडें उपडें करावें, तों फुलाच्या दोन पाकळ्या आंतच राहिलेल्या! ही सगळी अडचण साहेबाच्या स्वयंपाकघरांतून आली असें आपण मानतों. पण आपल्याच खानदेशांतील हलवाई दर फाल्गुनांत तिच्याशीं झुंजत आले आहेत, आणि तेंहि पिठाशीं नव्हे, उकळत्या साखरेशीं. त्यांच्या हार-कंगनांची हकीकत आज सांगावयाची आहे.

शहादा हें गोमाई नदीच्या कांठचें बाजाराचें गांव. दक्षिणेस तापीची काळी जमीन, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. इंग्रजी अमलांत तें पश्चिम खानदेशांत होतें, पुढें धुळें जिल्ह्यांत आलें आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. होळी जवळ आली म्हणजे सातपुड्याच्या या पट्ट्यांत भोंगऱ्या बाजार भरतात आणि डोंगरांतील भिल्ल व पावरा कुटुंबें खरेदीस उतरतात. डाळ्या, गूळ, खजूर आणि त्यांच्या जोडीला हार-कंगन. हार म्हणजे दोऱ्यांत अडकलेल्या साखरेच्या पदकांची माळ. कंगन म्हणजे साखरेचें कडें. तें होळीला वाहावयाचें आणि मुलांच्या अंगावर घालावयाचें. खालच्या गांवांतूनहि हीच चाल आहे. देशावर या हाराला गाठी म्हणतात आणि पाडव्याला ती गुढीवर चढते.

दागिन्याचेंच रूप कां, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. साखर आज वाण्याकडची सामान्य जिन्नस आहे. पूर्वीं ती तशी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उतरंड दिलेली आहे. ती रसापासून निर्मळतेकडे चढत जाते. सामान्य घराची धांव गुळापर्यंतच. पांढरी साखर परमुलखाची, हें तिचीं नांवेंच सांगतात: चीनची ती चिनी, मिसर देशची ती मिश्री, मॉरिशसहून येणारी ती मोरस. अशा वस्तूचा हार पोराच्या गळ्यांत घालणें म्हणजे वर्षांतून एक दिवस त्याला श्रीमंत करणें होय. संक्रांतीचे हलव्याचे दागिने याच भावनेचे, पण ते सांच्यांतले नव्हेत. तिळावर पाकाचीं पुटें चढवून त्यांचा कांटा फुलवावा लागतो. ती निराळी आणि फार चिकाटीची विद्या आहे.

१९०० च्या सुमारास सुरतेहून तापीच्या खोऱ्यांतून लोहमार्ग आला आणि नंदुरबारच्या पेठेस बाहेरचा माल सुलभ झाला. पुढें १९३२ मध्यें साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला व थोड्याच वर्षांत जावाची आयात मागें पडली. कालांतरानें खुद्द शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर येथें सातपुडा-तापी परिसराचा सहकारी कारखाना उभा राहिला. एके काळीं समुद्रापलीकडून येणारी वस्तु आतां शिवारांतल्या उसांतून निघूं लागली.

कृतीकडे वळूं. पाक उकळतांना त्यांत थोडें दूध घालून मळी वर आणतात आणि ती झाऱ्यानें काढतात. थेंब पाण्यांत टाकून त्याची गोळी वळली म्हणजे पाक कढईच्या कडेला घोटतात. घोटण्यानें त्यांत बारीक कण धरतात व तो दुधाळ होतो. मग दोरा ताणून ठेवलेल्या लाकडी सांच्यांत तो ओतावयाचा. सांचा आधीं पाण्यांत भिजलेला हवा. ओल्या लाकडाला साखर धरत नाहीं. केकच्या भांड्याला तेंच काम तूप आणि वर भुरभुरलेला मैदा करतो, मात्र नक्षीच्या प्रत्येक सांदींत बोट फिरलें पाहिजे. वेळेचेंहि तसेंच. भट्टींतून काढल्यावर केक दहा मिनिटें निवूं द्यावा. लगेच उपडा केला तर तो फुटतो, फार वेळ ठेवला तर घाम सुटून चिकटतो. हलवायाला घड्याळ लागत नाहीं, सांच्याला हात लावून तो ओळखतो. शिवाय त्याची एक सोय गृहिणीला नाहीं: मोडलेला हार पुन्हा कढईंत जातो.

पण खरा कसबी मी सांचा कोरणाऱ्यास म्हणेन. त्याला सगळें उलटें पाहावें लागतें. जें उठून दिसावयाचें तें खोल जातें, आणि खळग्याची भिंत तोंडाकडे किंचित् उसवती ठेवावी लागते. ती सरळ किंवा आंत वळलेली राहिली तर कितीहि भिजवा, पदक सुटणार नाहीं. मौलिदच्या सणासाठीं इजिप्तमध्यें साखरेच्या बाहुल्या ओततात, उत्तर हिंदुस्थानांत दिवाळीला साखरेचीं खेळणीं करतात. त्या सांच्यांचाहि नियम हाच. अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें डॅलक्विस्ट नांवाच्या गृहस्थानें १९५० मध्यें ॲल्युमिनियमचें ओतीव बंट भांडें काढलें, तें मध्य युरोपांतील जुन्या गुगलहुप्फ भांड्याच्या धर्तीवर. मधल्या नळीमुळें केकच्या पोटापर्यंत आंच पोंचते, आणि त्याच्याहि कडा बाहेरच उसवत्या आहेत. १९६६ च्या एका पाकस्पर्धेंत त्यांत भाजलेल्या केकला दुसरें बक्षीस मिळालें आणि त्या भांड्याला एकदम मागणी आली.

आपल्या सुताराला असें बक्षीस कोण देणार? धंदा मोसमी, सांचा पिढ्यान् पिढ्या टिकणारा, म्हणून नव्यास गिऱ्हाईक विरळा. चिरलेला सांचा मात्र साखरेप्रमाणें पुन्हा वितळवितां येत नाहीं, आणि त्याजबरोबर एक नक्षी जाते. साखर कारखाना पुरवील. उलटें कोरणारा हात त्याच्या आवाक्यांतला नव्हे.

होळीपासून पाडव्यापर्यंत पंधरवडा असतो. तेवढे दिवस कढया चालतात, आणि गुढ्या उतरल्या कीं सांचे धुऊन, सावलींत वाळवून, पुढच्या फाल्गुनापर्यंत माळ्यावर जातात.